पिवळ्या पायांची गोचीड

ऐका ना, माझ्या नोकरीचं नाव ऐकून आधी काय हसायचं ते हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. गोचीडसखी. हो, हेच. गळ्यातल्या कार्डावर माझा फोटो आणि खाली ‘अनुजा गडदे, गोचीडसखी, हुलगेवाडी’. आईनं ते कार्ड पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, “हे लग्नाच्या बायोडाटात घालायचं नाही हां, आत्ताच सांगून ठेवते.” आणि गावातली पोरं तर काय, मी गल्लीत शिरले की एक तरी जण मुद्दाम खाजवायला लागायचा.

पण काम खरंच भारी होतं. म्हणजे बघा, कुत्र्यांना गोचीडताप होतो. गोचिडीच्या थुंकीत एक इतका बारीक जीव असतो, की तो कुत्र्याच्या रक्तात शिरतो, मग तांबड्या पेशीच्या आत जाऊन बसतो, तिथं एकाचे दोन होतात आणि ते बाहेर पडताना पेशी फुटते. मग दोघं दोन नव्या पेशींत. असं चालूच. कुत्र्याच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होतात, लघवी कोऱ्या चहासारखी येते, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर आठवड्यात कुत्रं जातं. आता यातली गंमत अशी, की गोचीड चावली की लगेच तो जीव आत जात नाही. ती चिकटते, रक्त प्यायला लागते, आणि मग साधारण दोन दिवस लागतात तिच्या थुंकीत तो जीव तयार व्हायला. त्याच्या आत गोचीड उपटली तर कुत्रं सुटलं.

तर पुण्याच्या प्रयोगशाळेनं काय केलं, एक नवीच गोचीड तयार केली. तिच्या अंगात तो जीव टिकतच नाही. उलट तिच्या थुंकीत त्या जीवाच्या नुसत्या सालीचा एक तुकडा तयार होतो. साल फक्त, आत कुणी नाही. ती गोचीड सहा दिवस कुत्र्याला चिकटून रक्त पिते आणि थेंबाथेंबानं ती साल आत सोडते, आणि कुत्र्याचं शरीर शिकतं, की अरे, अशी साल दिसली की मारायचं. अशा तीन गोचिडींनी पोटभर प्यायलं की कुत्रं वर्षभर पक्कं. म्हणजे आठ पायांचं इंजेक्शन! भटक्या कुत्र्याला कोण धरणार, कोण सुई टोचणार? ही आपली आपण जाऊन चिकटते. आणि साध्या गोचिडीतून ओळखू यावी म्हणून तिचे पाय पिवळे केलेले. रंग लावलेला नाही हां, कवचातच आहे तो. ड्रोन यायचा, शाळेमागच्या पत्र्यावर गोचिडींच्या डब्या ठेवून जायचा, आणि मी त्या गोठ्यांच्या कडेला, उकिरड्यावर, देवळामागं नेऊन उघडायचे. आमच्या तालुक्यात अशी चाळीस गावं होती; समजावून सांगायला मी आसपासच्या गावांतही जायचे.

अट एकच. पिवळ्या पायांची गोचीड काढायची नाही.

गावातल्या मोकाट कुत्र्यांचा काही प्रश्नच नव्हता, त्यांच्या गोचिडी कोण काढतो? ज्येष्ठात डब्या उघडल्या आणि श्रावण संपायच्या आत सगळी मोकाट कुत्री पक्की झाली. मी रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन तपासलेलं. अडायचं ते लाडाच्या कुत्र्यांपाशी. आणि हुलगेवाडीत सगळ्यात लाडाची कुत्री म्हणजे मायाप्पा तात्याची हरणी.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, घर आमच्या भिंतीला लागून. साठ मेंढ्या आणि ही एक कारवान कुत्री, लांब पायांची, पोट पाठीला लागलेलं, बसली तरी पळाल्यासारखी दिसणारी. मी सहावीत होते तेव्हा तात्याची तीन कुत्री एका उन्हाळ्यात गोचीडतापानं गेली. तेव्हापासून दुपारी मेंढ्या बसल्या की तात्या बाभळीखाली मांडी घालून बसतो, हरणी त्याच्या मांडीवर मान टाकते, आणि तो सगळं अंग चाचपतो. पायांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली. सापडली की उपटून डिझेलच्या डबीत. एक दिवस चुकवलेला नाही, थोरल्या पोरीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा नाही.

आणि मी त्याला जाऊन काय सांगितलं?

“गोचीड काढायची न्हाई?” तात्या म्हणाला.

“फक्त पिवळ्या पायांची, तात्या. साधी दिसली तर काढा की.”

“अनू, तू शिकलीस त्ये बरं झालं. पर म्या मेलो का आंधळा झालो, का म्हनून डोळ्यांदेखत कुत्र्याला गोचीड लावून घिऊ?”

मी सगळं परत सांगितलं. साल, सहा दिवस, तीन गोचिडी. तो ऐकत होता आणि बोटं हरणीच्या अंगावर चालूच.

“म्हंजी पावणी हाय म्हन की. सहा दिस ऱ्हायाचं, जेवायचं आन् जायाचं.”

“हो, तसंच.”

“मग आमच्या थोरल्या जावयापरीस बरी. त्यो म्हैनाभर हालत न्हाई.”

तरी ऐकला नाही. मी आषाढात सांगितलं, श्रावणात सांगितलं, काकूकरवी सांगितलं. शेवटी भाद्रपदात एक दिवस मी खरं ते बोलले. म्हटलं, “तात्या, रोज काढता म्हणून ती वाचली, मान्य. पण तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर? अख्ख्या गावात एकच कुत्री आहे जिला काहीच संरक्षण नाही, आणि ती तुमची आहे.”

त्यानं हरणीच्या अंगावरचा हात काढला. मग डबीचं झाकण लावलं.

“पिवळी सोडायची, काळी काढायची. एवढंच न्हवं?”

“एवढंच.”

“तू म्हनतीस म्हनून.”

मी घरी उड्या मारत गेले. खरंच. सरांना, म्हणजे पुण्याच्या खांबेटे सरांना, फोन केला, की शेवटचं कुत्रं पण मिळालं. सर म्हणाले, “अनुजा, चाळीस गावांत तुझं पहिलं शंभर टक्के होणार.” मला काय, तेवढंच पाहिजे होतं.

तात्यानं शब्द पाळला. रोज चष्मा लावून एकेका गोचिडीचे पाय बघायचा. दोन पिवळ्या मिळाल्या होत्या, त्या सोडल्या. मला बोलावून दाखवल्या पण, “ह्या बघ तुझ्या पावण्या.” तिसरी येण्याची वाट बघत होतो.

आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिरोबाची जत्रा. तुम्ही आला नाहीत कधी, यायला पाहिजे. भंडारा उधळतात, पोत्यांनी. सगळं पिवळं. माणसं पिवळी, मेंढ्या पिवळ्या, रस्ता पिवळा, सरपंचाची पांढरी गाडी चार दिवस पिवळी असते. माझे केस मी तीनदा धुतले. आणि तात्या दर वर्षी हरणीला घेऊन जातो, तिच्या अंगाला खोबरेल लावतो आणि वरून मूठमूठ भंडारा चोळतो, मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखालून, पायांच्या बेचक्यांतून. देवाची राखण म्हणून.

तुमच्या लक्षात आलं ना? बघा, तुमच्या लगेच लक्षात आलं. माझ्या नाही आलं. पुण्याच्या लोकांचं सोडा, त्यांनी भंडारा कशाला बघितलाय. पण मी त्या जत्रेतच लहानाची मोठी झाले.

जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी मी फोन घेऊन तात्याकडे गेले. आम्हाला अ‍ॅप दिलेलं होतं, कुत्र्याच्या अंगावरून फोन फिरवायचा, ते गोचिडी मोजतं आणि पायांचा रंग बघून सांगतं. मी फिरवला. पिवळ्या अकरा. साध्या शून्य. स्क्रीन हिरवागार. गाव शंभर टक्के.

“अकरा?” तात्या म्हणाला. “जत्रंआदी दोन व्हत्या ग.”

“गर्दीत दुसऱ्या कुत्र्यांवरून आल्या असतील.”

हे मी इतक्या पटकन बोलले ना. विचार केलाच नाही. अंगठा आधीच ‘पाठवा’वर होता.

“मला बी पाय पिवळंच दिसत्यात,” तात्यानं एक चिमटीत धरली होती. “पर एवढ्या? एक-दोन काढू का?”

“अजिबात नाही, तात्या! आता तर खरं काम सुरू झालंय.”

त्यानं चिमूट सोडली.

नियमाप्रमाणे मी अकरातल्या दोन नमुना म्हणून काढल्या, स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या, चिठ्ठी चिकटवली आणि बाटली बॅगेत ठेवली. महिन्याचे नमुने एकदम पुण्याला जायचे, म्हणून ती तिथंच राहिली.

जत्रेनंतर बाराव्या दिवशी हरणी उठली नाही.

काकू धावत आली आमच्या दारात. मी गेले तर हरणी गोठ्यात पडलेली, श्वास भराभर, मी ओठ वर करून बघितला तर हिरडी पांढरी. पेंढ्यावर लघवीचा डाग होता, कोऱ्या चहाचा. मला काही विचारायची गरजच नव्हती. शेजारच्या प्रकाशदादाची रिक्षा घेतली, तात्यानं तिला मांडीवर घेतलं, आणि पंचवीस किलोमीटर तालुक्याच्या दवाखान्यात. वाटेत तात्या एकच वाक्य बोलला. “सोमवार हाय, डाक्टर असतील.”

डॉक्टर मुलाणी मॅडमनी कानाच्या टोकाचा थेंब घेतला, काचेवर पसरला, रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. तांबड्या पेशीत दोन-दोन थेंबासारखे ठिपके, टोकाला टोक लावून. जिकडे बघावं तिकडे.

“पट्टी कर,” मॅडम म्हणाल्या. मी पट्टीवर थेंब टाकला. रेघ उमटली नाही. संरक्षण काहीच नाही.

“तुमच्या यादीत हे कुत्रं पक्कं दाखवतंय ना, अनुजा?”

“हो मॅडम.”

“मग हे कसं?”

मी म्हटलं, बघते. मॅडमना वेळ नव्हता, त्यांनी इंजेक्शन दिलं, दवाखान्याच्या आवारात एक दांडगं काळं कुत्रं पाळलेलं आहे त्याचं रक्त काढून हरणीला चढवलं, आणि मी बाहेर बाकावर येऊन बॅग उघडली. मला हरणीचे जुने फोटो बघायचे होते. हाताला बाटली लागली.

स्पिरिट पिवळं झालं होतं. एकदम स्वच्छ पिवळं, हळदीच्या पाण्यासारखं. आणि तळाला दोन गोचिडी. पाय तपकिरी.

हळद स्पिरिटमध्ये सुटते हे आपण अकरावीच्या प्रॅक्टिकलला केलंय. प्रयोगशाळेतला पिवळा कवचात असतो, तो सुटत नाही. म्हणजे त्या अकराच्या अकरा नाही तरी बहुतेक साध्या होत्या. भंडाऱ्यानं रंगलेल्या. अ‍ॅपला पिवळ्या दिसल्या, तात्याच्या चष्म्याला पिवळ्या दिसल्या, आणि मी म्हटलं म्हणून तात्यानं त्या सहा दिवस तिच्या अंगावर राहू दिल्या. वर्षानुवर्षं ज्यानं एक गोचीड दोन दिवस टिकू दिली नाही, त्यानं.

मी बाटली परत बॅगेत ठेवली.

हे मी सांगतेय कारण तुम्ही माझ्या मैत्रिणी आहात, आणि मधले तीन दिवस मी गाळून सांगू शकले असते. सोमवार, मंगळवार, बुधवार. सरांना मेसेज लिहायचे आणि पुसायचे. स्वतःला सांगायचे, आधी हरणी वाचू दे. आणि हरणी वाचली की हो! बुधवारी सकाळी तिनं मान उचलली, दुपारी वाटीभर ताक-भात खाल्ला, संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं. मग मला वाटलं, झालं की. कशाला उकरायचं?

गुरुवारी सकाळी मी बघायला गेले तर तात्या हरणीचा पट्टा तेल लावून पुसत बसलेला. नवा पट्टा, जत्रेतच घेतलेला.

“दुपारी भाचा येनार हाय गाडी घिऊन,” तो म्हणाला. “तिला न्हेतोय. त्याच्याकडं ऱ्हाईल.”

“का?”

“माझं डोळं गेलं, अनू. तुझं काय चुकलं न्हाई, तू नीट सांगितलं हुतंस. पिवळी सोड, काळी काढ. मला काळी पिवळी दिसाय लागली, त्याला तू काय करनार? आज गोचीड दिसंना, उद्या मेंढरू दिसायचं न्हाई. मेंढरं बी पुढच्या म्हैन्यात देऊन टाकतो.”

काकू चुलीपाशी होती. हरणी पट्ट्याकडे बघून शेपूट हलवत होती, तिला वाटलं फिरायला जायचंय.

मी घरी गेले, बाटली आणली आणि त्याच्या हातात दिली.

“हे काय?”

“हरणीच्या गोचिडी. जत्रेनंतर काढल्या त्या. उघडून वास घ्या.”

त्यानं झाकण काढलं, नाकाशी नेली. “दारूसारखं... आन् हळद.”

“भंडारा आहे तो, तात्या. पाय बघा आता.”

त्यानं चष्मा लावला, बाटली उन्हात धरली. बराच वेळ बघितलं. त्याला बरोबर दिसत होतं, मला कळत होतं की त्याला दिसतंय.

“तुमचे डोळे ठीक आहेत,” मी म्हटलं. “तुम्ही विचारलं होतंत, अकरा कशा झाल्या. मी काढू दिल्या नाहीत. माझं चुकलं.”

“कवा कळलं तुला?”

“सोमवारी. दवाखान्यात.”

“आज वार कोनता?”

“गुरुवार.”

काकूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि मला त्या चालल्या असत्या. पण तात्या कुठंतरी भलतीकडेच बघत होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत.

“कारंडेवाडीची जत्रा परवा झाली,” तो म्हणाला. “बोरबनची काल. खरातवस्तीची रविवारी हाय. तिथं बी तुमच्या गोचिडी सोडल्यात न्हवं?”

“सगळीकडे. चाळीस गावांत.”

“आन् समद्यांस्नी सांगितलंय पिवळी काढू नका म्हनून.”

मी तीन दिवस माझ्या शंभर टक्क्यांचा विचार करत होते. आणि चाळीस गावांत लोक पिवळ्या कुत्र्यांवरच्या पिवळ्या गोचिडी जपून ठेवत होते.

तिथल्या तिथं सरांना फोन लावला. सर वाईट नाहीत हां, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, नमुना पाठव, आम्ही तपासतो, खात्री झाली की सगळ्या गावांना अधिकृत सूचना काढू, दोन दिवस लागतील, तोवर परस्पर काही सांगू नकोस, घबराट होईल. फोन स्पीकरवर होता. तात्या ऐकत होता.

“दोन दिसांत काय हुतंय त्ये तूच मला शिकीवलंस,” तो म्हणाला.

मी सरांना म्हटलं, “सर, मी आत्ताच सांगतेय सगळ्यांना.” आणि ठेवला. नोकरी त्याच महिन्यात गेली, ते सोडा. आता त्यांनी परवा परत बोलावलंय, पायांना दुसरा रंग द्यायचा विचार आहे, निळा म्हणतात. मी म्हटलं, सर, आधी बेंदराला गावात येऊन जा, बैल कसले कसले रंगवतात ते बघा, मग ठरवा.

तर त्या दिवशी. चाळीस गावांच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, चार जणांनी अंगठे दाखवले. मेंढपाळ माणसं रानात, फोन पिशवीत, मेसेज कोण वाचतंय? तात्या म्हणाला, “तुझा ग्रुप ऱ्हाऊ दे.” त्यानं पहिला फोन भाच्याला केला, “गाडी आनू नगो,” एवढंच. आणि मग एकेक लावायला सुरुवात केली. त्याला सगळे नावानं ठाऊक. कुणाची मेंढरं कुठल्या माळावर, कुणाचं कुत्रं केवढं, कुणाच्या सुनेकडं फोन लागतो. मी चाळीस गावांचा नकाशा पाठ केला होता, पण मला त्यातलं एक कुत्रं नावानं माहीत नव्हतं. मी वहीत गावं खोडत होते आणि तो बोलत होता, “पिवळी असू दे न्हाईतर काळी, समदी काढ. आज. आत्ता. जेवन मागनं कर.” दुपारचे दोन वाजेपर्यंत आमचं धरून एकोणचाळीस गावं झाली. तरी उशीर झाला होताच. जिथल्या जत्रा आधी होऊन गेल्या होत्या तिथली नऊ कुत्री आजारी पडली, त्यातली चार गेली. तो आकडा मी कुठं लपवत नाही.

शेवटी राहिला कारंडेवाडीचा धुळाप्पा. तो आणि तात्या वीस वर्षं बोलत नव्हते, मेंढ्यांच्या पाण्यावरनं काहीतरी. त्याच्याकडे तीन कुत्री, आणि जत्रा परवाच झालेली. म्हणजे आजचा दिवस गेला की संपलं.

तात्यानं फोन लावला. स्पीकरवर.

“कोन?”

“मायाप्पा. हुलगेवाडी.”

पलीकडं एक मेंढरू ओरडलं फक्त.

“कुत्र्यांच्या गोचिडी काढ,” तात्या म्हणाला. “पिवळ्या बी काढ. भंडाऱ्यानं पिवळ्या झाल्यात त्या.”

“आन् हे तुला कुनी सांगितलं?”

“आमच्या अनूनं.”

“ती गोचीडवाली? आरं तिनंच माझ्या दारात यिऊन सांगितलं की काढू नगा म्हनून. तासभर डोस्कं खाल्लं माझं.”

“तीच,” तात्या म्हणाला. “चूक तिचीच हाय, म्हनून तिला पक्कं ठावं हाय. बोल तिच्यासंगं.” आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, “धुळाप्पाबाबा, मी अनुजा. चुकीचं सांगितलं होतं मी तुम्हाला.”

तो पलीकडं खाकरला. मग काहीतरी डबा ओढल्याचा आवाज आला, आणि कुणाला तरी म्हणाला, धर रे त्याला, हलू दिऊ नगो.

“हां, बसलो,” तो म्हणाला. “कुत्रं म्होरं हाय. कुठनं सुरू करू?”

“कानापासून,” मी म्हटलं.